बिनचेंडूचा वैशाख

एप्रिलच्या पंधराला कोळसा खाणीच्या कॉलनीतलं
नऊ भोकांचं मैदान बंद होतं.
हिरवळ तिथं नव्हतीच कधी. जळकं ऑइल पाजलेली वाळू,
तिलाच साहेब लोक ग्रीन म्हणत.
देबनाथ साहेब सुट्टीवर जाताना म्हणाले,
"ही सात नंबरची आयर्न ठेव, ग्रिप फाटलीय.
मैदान उघडेपर्यंत तो खांदा सुधार."
आणि तीन चेंडू दिले, पोपटानं टोचलेल्या पेरूसारखे.

घरचं वावर पऱ्हाटी उपटून मोकळं,
मनगट जाईल इतक्या भेगा.
पहिला चेंडू उडाला, पडला,
दोन टप्पे, आणि गेला.
मी ओणवा होऊन भेगेला डोळा लावला.
आत थंड होतं. बाकी काही नाही.
दुसराही तसाच. तिसरा सांजेला.
धुऱ्यावरून डोमाजी काका बोलले,
"काहून गा, पेरनी इतल्या लवकर?"

मग उरलं नुसतं फिरवणं.
पहाटे साडेचारला, ऊन उठायच्या आधी,
खळ्यावर चुन्याची रेघ, रेघेला चवडे,
उजव्या काखेत दुपट्ट्याची घडी.
घडी पडली की समजायचं, कोपर पळालं.
पडली.
पडली.
ग्रिपला सायकलची ट्यूब गुंडाळली,
तर रबराचा वास हाताला, हातातून भाकरीला.

हवा कापली की आवाज येतो.
माझा यायचा वर, कानाजवळ,
म्हणजे सगळा जोर चेंडूच्या आधीच सांडलेला.
साहेब हे दोन वर्षं सांगत होते, इंग्रजीत.

इंदू वहिनी वावरात शेणखत फेकत होती.
टोपलं कमरेशी.
आधी डावा पाय दाबला, मग कंबर वळली,
मग पाठ, हात सगळ्यात शेवटी,
आणि खत पंख्यासारखं उलगडून पडलं.
घाई कुठंच नाही.
म्हटलं, वहिनी, अजून एकदा फेका न.
"पाहाले काय तमाशा होय? उचल टोपलं."

अकरा दिवस उचललं.
नऊ बंड्या खत. कंबर आधी नाही म्हणाली,
मग काहीच म्हणाली नाही.
बाराव्या पहाटे आयर्न फिरवली
तर आवाज खाली उतरलेला,
डाव्या अंगठ्याच्या पुढं वीतभर,
जुनं लुगडं टरकन फाटावं तसा.
दुपट्टा काखेतच होता.
घाम पुसायला मीच तो काढला.

समोर चेंडू नव्हता, म्हणून मान वर झाली नाही.
कुठं गेला, किती गेला,
कोण हसलं झाडाखाली,
काही पाहायचंच नव्हतं.
साहेबांना हे कसं सांगू?
त्यांच्या गाडीत चेंडूंचं पोतं असतं.

रोहिण्या लागल्या. भावानं वखर धरला.
पासेला खट्ट झालं,
ढेकळातून पांढरं काही निघालं.
लोकेश धावला, चड्डीला पुसून
कानाशी हलवून पाहिलं,
आणि नेऊन ठेवलं खुराड्यात,
अंड्यांवर बसलेल्या लाल कोंबडीखाली.

मी मागायला गेलो.
तिनं मान फुगवली, चोच पुढं केली.
म्हटलं, बस बाई.
मैदान दसऱ्याला उघडते.