शहाण्णव खिट्ट्या

भुसावळात, मे महिन्यात,
काहीतरी तापायला वेळ लागतो म्हणून
टायमर लावणारं घर बहुतेक आमचं एकच.
गच्चीवरच्या टाकीतून पहाटेसुद्धा
नळाला चहाचं पाणी येतं,
आणि ओट्यावरचं हे एस्प्रेसो मशीन
(पुण्याच्या कुणाचं तरी जुनं, मी हौसेनं आणलेलं)
म्हणतं, चाळीस मिनिटं.

हिरवा दिवा सातव्या मिनिटालाच लागतो.
त्याचं ऐकायचं नाही.
आत पाणी उकळलेलं असतं, पण पुढचं ते पितळी डोकं,
चार किलोचं,
अजून परक्याच्या घरी बसल्यासारखं गार.
तेव्हा काढलेली कॉफी लिंबू पिळल्यासारखी लागते.
कुंदा पहिल्याच दिवशी म्हणाली,
तुमच्या प्लँटसारखंच आहे की.

आहेच.
दीपनगरला थंड पडलेला संच उठवायचा
तर अख्खी पाळी जाते, अंशाअंशानं.
जाड धातू आतून तापतो, बाहेरून झोपलेलाच असतो,
अशात घाई केली की तडा.
वीस वर्षं आकडे चढताना बघतोय पडद्यावर.
पण आपल्याच ओट्यापाशी
चाळीस मिनिटं उभं राहणं
मला जमलं नाही.

म्हणून टायमर. खाचणे इलेक्ट्रिकल्समधून,
साडेतीनशेचा, गोल तबकडीचा,
कडेनं शहाण्णव खिट्ट्या, एक खिट्टी पाव तासाची.
पावणेपाचपासून अकरा दाबून ठेवल्या.
कुंदा साडेपाचला उठते,
पावणेसातच्या पॅसेंजरनं जळगावला, रक्तपेढीत.
मी रात्रपाळीहून सव्वासातला.
दिवसचे दिवस आमची गाठ पडते
ती मशीनच्या माथ्यावर पालथ्या घातलेल्या कपात.

पण तबकडीही विजेवरच फिरते.
रात्री वीस मिनिटं लाइट गेली
की ती वीस मिनिटं तिच्या लेखी झालेलीच नसतात.
आठवड्याभरात आमची पहाट
सरकत सरकत सहाच्या पुढे जाते.
युनिट बसलं म्हणून काही आपल्या गल्लीची लाइट जात नाही,
हे सांगून मी थकलो.
खालचे सुपडूकाका पायरीवर, उघड्या अंगानं,
पुठ्ठ्यानं वारा घेत :
‘का रे भो, तुह्यं दीपनगर पुन्हा बसलं का?’
कुंदा काही बोलत नाही.
बोटानं तबकडी पुढे सारते,
माझ्या वतीनं भरपाई दिल्यासारखी.

परवा मात्र खरंच बसलं.
रात्री दोनला बॉयलरची ट्यूब फुटली,
सकाळच्या बऱ्हाटेच्या मुलाला ऊन लागलं, तो आला नाही,
मी सोळा तास खुर्चीत.
कुंदाला फोनवर एवढंच म्हणालो, तीन वाजतील.
वाजले साडेतीन.
डांबर चपलेला चिकटत होतं,
कुलूप हाताला भाजलं.

आत मिटल्या खिडक्यांचा अंधार,
आणि स्वयंपाकघरातून बारीक टकटक.
अडीचच्या पुढे सहा खिट्ट्या दाबलेल्या.
माथ्यावर कप.
बाहेर पंचेचाळीस अंश, आणि इथे आत
पितळ तापून सुस्कारे टाकत माझी वाट बघतंय.
हसू आलं. रडूही आलं असतं, पण अंगात तेवढं पाणी नव्हतं.

आधी माठातलं दोन तांबे पाणी प्यायलो,
एक तोंडावर मारला.
मग हिरव्या दिव्याकडे बघितलं,
तो आज खरं बोलत होता.

कॉफी उभ्यानंच घेतली.
घामाचा एक थेंब कपात पडला, तोही.
कप विसळला, पालथा घातला,
आणि तिच्या परतीच्या गाडीचा हिशोब करून
सव्वापाचपासून चार खिट्ट्या खाली सारल्या.
मध्ये लाइट गेली तर गेली.
झोपलो.