शाईने खाल्लेलं पान

आज पेटी क्रमांक सत्तावीस.
पेटिफरने ढकलगाडीवरून आणली. गाडीचं एक चाक
गेली तीन वर्षं कुरकुरतंय, आणि या दालनात
आवाज म्हणून तेवढाच.
बाहेर कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर धुकं बसलंय,
दलदलीकडून आलेलं, ओल्या मेंढीसारखं जड.

फोमच्या उशीवर मी वही ठेवते,
पानांवर शिशाच्या मण्यांची माळ.
रेव्हरंड ओबदाया थर्केटल, गाव लँगमियर.
प्रवचनं एकशे चौदा,
हंसाच्या पिसाने, ओकच्या गाठींच्या शाईने.
अक्षर बारीक, सगळं एका बाजूला कललेलं,
वाऱ्यातल्या लव्हाळ्यांसारखं.

कागद महाग होता. म्हणून
पापाच्या सात प्रकारांमागे, कोऱ्या बाजूला,
दोन कोंबड्या, वाटाण्याचं बी, मेणबत्त्या अर्धा डझन,
आणि 'सुताराचे अजून देणे'.
समासात सूचना: इथे वाळूचे घड्याळ उलटे करणे.
इथे आवाज चढवणे, विधवा पास्क झोपली असेल.
एके ठिकाणी नुसतंच: गारठा फार असल्यास वगळणे.
मला तो आवडू लागला होता.

मग बावन्नावं.
विषय: दिलेली शपथ मोडू नये.
खाली तारखा. चार वेळा दिलेलं प्रवचन.
सोळाशे एकेचाळीस, शेवटच्या प्रार्थनेत राजा.
पन्नास. राजाचं डोकं उडून वर्ष झालेलं,
राजावर आडवी रेघ, वर चिमुकलं: पार्लमेंट.
पंचावन्न. पार्लमेंटवर रेघ, तिच्यावर संरक्षक.
एकसष्ट. संरक्षकावर शाईचा लपकाच,
आणि ओळीत जागा उरली नाही म्हणून
समासात, तिरका, कोंबलेला,
पुन्हा राजा.
बाकी प्रवचनात एक स्वल्पविरामही हललेला नाही.

मी हसले, जरा मोठ्यानेच.
पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी चष्म्यावरून पाहिलं.

पण गावची नोंदवही मी मागच्याच महिन्यात चाळली होती.
पाच मुलं. सगळ्यात धाकटी प्रुडन्स.
घर चर्चचं, चूल चर्चची,
कुंपणालगतची सफरचंदंसुद्धा चर्चची.
शेजारच्या गावचा पाद्री म्हणे
रेघ मारायला नाही म्हणाला.
त्याची प्रवचनं कुठल्याच पेटीत नाहीत.

ही शाई आम्लाची असते.
हात जिथे दाबला गेला
तिथे ती कागद खात बसते, न बोलता, साडेतीनशे वर्षं.
पानाखाली मी दिव्याची पातळ पाटी सरकवली.
जिथे जिथे 'शपथ' होतं, दोनदा गिरवलेलं,
तिथे आता तपकिरी काठाचं भोक,
आणि भोकातून दिवा थेट डोळ्यांत.
कोंबड्या घाईत लिहिलेल्या, पुसट, म्हणून शाबूत.
वाटाणे शाबूत.
सुताराचं देणं तर अगदी कालच्यासारखं.

शिवणीतून वाळूचा एक कण टेबलावर पडला,
त्याने ओली शाई टिपायला शिंपडलेला.
तो उचलून कुठे ठेवावा
याचा आमच्याकडे नियम नाही.

सूचीत लेखकाविषयी एक ओळ लिहायची असते.
भित्रा, असं लिहिलं. खोडलं.
बाप, असं लिहिलं.
तेही खोडलं.
इथे फक्त पेन्सिल चालते.