घसारा

रेथा कॉगिन्सच्या घराला चाकं होती,
एकदाच वापरलेली:
चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये, कारखान्यातून अलाबामाच्या या खाडीकाठापर्यंत.
मग बर्लने ती काढली,
ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून घराखालीच ठेवली.
न जाणो, म्हणाला.
बर्ल गेला. चाकं राहिली.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
याला वासेच नव्हते, नुसता पत्रा आणि प्लायवूड;
वाऱ्याने ते अकरा फूट सरकवलं
आणि चाकं तेवढी जागची हलली नाहीत.

विमा कंपनीचा मिस्टर टिबेट्स आला,
माझ्या नातवाएवढा, बूट नवे,
चिखल चुकवत पाय टाकणारा.
रेथाचा चष्मा वादळात गेलेला, म्हणून पॉलिसी मी वाचली,
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या आवाजात.
वारा: हो.
पूर: नाही.
जमीन: भाड्याची, तेव्हा प्रश्नच नाही.
दारापुढचं पत्र्याचं छप्पर: त्याला वेगळं जोडपत्र लागतं, ते घेतलेलं नाही.
घर जमिनीला पट्ट्यांनी बांधलेलं होतं का? फोटो आहेत?
कोण काढतं हो पट्ट्यांचे फोटो!

भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ, कमरेइतकी.
टिबेट्सने तिला टेप लावला.
आधी वारा आला, की आधी पाणी?

मी चर्चच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून होते, बाळा,
रेथा म्हणाली,
दोघांपैकी कुणीच मला विचारून आलं नाही.

मी वर बोट दाखवलं.
पेकनच्या शेंड्याला तिचा निळा पडदा, दांडीसकट.
त्यावर चिखलाचा एक ठिपका नव्हता.
त्याने फोटो काढला.
मग जरा जवळ जाऊन आणखी एक.

नव्या घराची किंमत नाही मिळायची, मॅडम.
याची आजची मिळेल,
एकतीस वर्षांचा घसारा वजा जाता.
घसारा म्हणजे?
वापराने झिजतं ते. गाडीसारखं.

रेथा तिरक्या पायऱ्या चढून आत गेली.
मला वाटलं, रडायला.
आली ती लिनोलियमचा तुकडा घेऊन,
शेगडीसमोरचा,
ज्यावरची फुलं कधीच पुसून गेली होती.
दर शनिवारी घासलंय हे, गुडघ्यांवर बसून.
लिहून घे.
घासलं म्हणून कमी देणार का मला?

टिबेट्सने फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

चेक ऑक्टोबरात आला. आकडा सांगू नको म्हणाली आहे.
आता जुनंच, दुसऱ्याचं घर त्याच जागेवर उभं आहे.
पुराची वेगळी पॉलिसी, छपराचं जोडपत्र,
सगळं बिस्किटांच्या डब्यात,
आणि पट्ट्यांचे चौदा फोटो, मी काढलेले.
नऊ फोटोंत माझं बोट आलंय.

या घराला चाकं नव्हती.
तिने बर्लची खाली सरकवली.
मापाची नाहीत, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाली,
ग्रीसचा डबा धर.