निळा की करडा

बुधवारी रात्री डबे बाहेर ठेवायचे.
एका आठवड्यात करडा, पुढच्या आठवड्यात निळा,
उन्हाळ्यात मधूनच गवताचा तपकिरी.
नगरपालिकेचं कॅलेंडर प्रत्येकाच्या फ्रिजवर असतंच,
पण एल्डर स्ट्रीटवर ते कुणी वाचत नाही.
पडदा बोटभर सरकवून बघायचं
पहिला डबा कुठला आलाय,
आणि तोच आपला काढायचा.

पहिला डबा सोळा नंबरचा.
एकतीस वर्षं. एनिड पिकर्सगिलचा.

चौदा नंबरच्या म्यूरिअल अ‍ॅक्रॉइडचं
एनिडशी एकतीस वर्षांत जे बोलणं झालं
ते हवामान खात्याच्या एका वहीत मावेल.
"बरी आहेस ना?" असं विचारायचं
आणि उत्तरासाठी थांबायचं नाही.
उत्तर ठरलेलं : "तक्रार नाही."
दात ठणकत असो, मुलगा कॅनडाला निघालेला असो,
की छातीच्या फोटोत काही दिसलेलं असो.

फेब्रुवारीत एनिड गेली.
शवपेटी उचलणाऱ्या पोराचा पाय
क्लिफर्डच्या पायावर पडला,
तर क्लिफर्डच म्हणाला, "सॉरी."
मग पोरगा म्हणाला, "सॉरी."
आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत
दोघं दारात थोडा वेळ तसेच उभे,
आणि तेवढा वेळ एनिडही थांबली.

चर्चच्या हॉलमध्ये सँडविचं, कडा कापलेली.
शेवटचं एक बशीत वाळत राहिलं,
प्रत्येकाने ते दुसऱ्यासाठी सोडलं होतं.
म्यूरिअल म्हणाली, "ऊन तरी पडलं."
क्लिफर्ड म्हणाला, "हो, पडलं खरं."
गळ्यात पडून रडणं
इथे असं असतं.

दुसऱ्या दिवशी दारात एक भांडं,
फडक्यात बांधलेलं, मटण आणि बटाटे,
तळाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
बेल वाजलीच नव्हती.
क्लिफर्डने खाल्लं, घासलं, पुसलं.
भांडं रिकामं परत करू नये
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही,
तरी काय वाटलं कोण जाणे,
त्यात त्याने मार्मलेडची एक बरणी ठेवली.
बरणीवर एनिडच्या अक्षरात : जानेवारी.

मग बुधवार आला.

क्लिफर्ड अंधारात दोन डब्यांपुढे उभा.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
हे एक कधी त्याला विचारावंच लागलं नव्हतं.
कॅलेंडर होतं. पण चष्मा वर होता,
आणि वर म्हणजे झोपायच्या खोलीत.
त्याने निळा काढला.

आठवडा करड्याचा होता.

समोर एक पडदा हलला, मग दुसरा.
तेवीस नंबरच्या ओकाफोरांना ठाऊक होतं,
रात्रपाळीला निघालेल्या अकरामधल्या नर्सलाही.
म्यूरिअलचा करडा तर फाटकापर्यंत आला होता.
तो तिने मागे नेला,
चाकं वाजू नयेत म्हणून जरासा उचलून,
तिच्या त्या कमरेनिशी,
आणि निळा आणला.

नऊ वाजेपर्यंत अख्ख्या गल्लीत
ओळीने निळे.

सकाळी गाडी आली. माणसं उतरली,
ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं,
एकजण टोपी सारून डोकं खाजवत राहिला,
आणि गाडी रिकामीच गेली.
आठवडाभर एल्डर स्ट्रीटला
शुक्रवारच्या माशांचा वास येत होता.
कुणी काही म्हणालं नाही.
"गारठा आहे अजून," म्यूरिअल म्हणाली.
"आहे," क्लिफर्ड म्हणाला.

आता बुधवारी दुपारी चारलाच
चौदा नंबरचा डबा बाहेर येतो,
फुटपाथच्या कडेला थोडा तिरका,
सोळाच्या खिडकीतून, चष्म्याशिवायही,
रंग दिसेल असा.

इतक्या लवकर ठेवणं नियमात बसत नाही.
तेही कुणी म्हणत नाही.