सहीचा नमुना

डलुथमध्ये नोव्हेंबर. बँकेतल्या बाईनं
चार कर्जांचे कागद समोर ठेवले.
त्यातलं एक बोटीच्या मोटारीसाठी.
आमच्याकडे बोट नाही.

चारही सह्या माझ्या.
व्हर्ना लिंडक्विस्ट. व्हीला ती लांब शेपटी,
जी मी लग्नाच्या नोंदवहीत काढली होती
आणि मनगट मोडल्यापासून काढता येत नाही.
ड्वेनला येते. एकोणीस वर्षं
त्यानं ती जपली म्हणायची.

"नमुन्यासाठी पाचदा सही करा."
केली. एकही जुळली नाही.
बाई पहिल्यांदाच हसली: "हे बरं झालं."

मग पोलिसांचा फॉर्म. संशयिताचं नाव, उंची,
डोळ्यांचा रंग,
शेवटचा कुठे दिसला.
स्वयंपाकघरात, लिहिलं मी. आज सकाळी.
माझ्या डब्यासाठी सफरचंद चिरत होता,
कारण माझ्या हाताला सुरी पेलत नाही.

हे शेवटचं खोडलं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

खाली सही केली,
बुटकी, वाकडी, बिनशेपटीची.

पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून, डबा उघडला.
फोडी काळ्या पडलेल्या.
मोजल्या. आठ.
खाल्ल्या.