सुतभर उतार

ताल्यामेंतो नदीत वर्षातले नऊ महिने पाणी कमी, गोटे जास्त.
ते फोडून, चाळून, सिमेंटात बसवून
मी फरश्या ओतल्या, उदीनेपासून त्रिएस्तेपर्यंत,
छत्तीस वर्षं, सगळी गुडघ्यांवर.
गुडघे टेकले म्हणजे माणूस हरला, असं बोलतात.
आमच्या घरी गुडघे टेकले की दिवस सुरू व्हायचा.

नीवेस अकरा वर्षांची असताना
माझ्या जुन्या गुडघापट्ट्या घेऊन चर्चच्या हॉलमध्ये गेली.
सिमेंट लागलेल्या. चामडी पट्टा दोनदा गुंडाळून.
फादर एजिदिओ म्हणाले, हिला उंची नाही,
पण चेंडू पडू देत नाही पोरगी.
इल्वा म्हणाली, मग तेच करू दे तिला.

तिच्या जागेला लिबेरो म्हणतात. लिबेरो म्हणजे मोकळी.
या मोकळीने सर्व्हिस करायची नाही,
जाळ्यापाशी उडी मारून अडवायचं नाही,
वरून ठोकायचं नाही,
आणि जर्सी बाकी पाचजणींहून वेगळ्या रंगाची,
म्हणजे चुकली तर शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावी.
काम एवढंच:
जमिनीची आणि चेंडूची भेट होऊ द्यायची नाही.

सोळाव्या वर्षी घर सोडलं.
फोर्ली. मग बारीजवळचं एक गाव. मग सार्डिनिया.
एक हिवाळा रुमानियात, तिथे ती लोकरी टोपी घालून झोपायची.
छातीवर कधी हॅमची कंपनी, कधी बॉयलरची,
आणि एक वर्ष, देवा, मशीनवर छापलेल्या टाइल्सची.
त्या वर्षीचा फोटो इल्वाने भिंतीवर लावला,
मी काढला,
तिने पुन्हा लावला.

पहिला मोठा सामना बघायला गेलो.
चार हजार माणसं, ढोल, कोणाचं तरी पोर माझ्या बुटावर झोपलेलं.
मी फरशी बघत होतो.
नारिंगी रबर, खाली लाकूड.
मागच्या डाव्या कोपऱ्यात उतार होता, सुतभर.
पाणसळ लावायची गरज नव्हती, डोळ्याला कळतं.
सामना संपल्यावर तिला सांगितलं.
ती बोटांवरची चिकटपट्टी सोलत म्हणाली,
माहीत आहे पापा, तिथे चेंडू जरा उशिरा उठतो.
परतीच्या बसमध्ये मी कोणाशी बोललो नाही.
असा शागीर्द मला एकही मिळाला नव्हता.

बारीजवळच्या क्लबने नाताळात पगार थांबवला,
फेब्रुवारीत खोलीची किल्ली मागितली.
वकिलाने करार वाचला, चष्मा काढून पुसला.
कागदावर ती हौशी खेळाडू होती.
रोज सहा तास, बर्फाच्या बादलीत घोटे,
आणि हौशी!
मला कोणी हौशी गवंडी म्हणून बघावं.
थापी आहे अजून घरात.

एकोणतिसाव्या वर्षी डावा गुडघा गेला.
डॉक्टरांनी आतला फोटो उजेडासमोर धरला
आणि मला समजावून सांगायला लागले.
समजावण्याची गरज नव्हती.
घासून घासून खडी वर आलेली फरशी होती ती.
नीवेसने विचारलं, किती वर्षं निघतील?
ते म्हणाले, दोन.
तिने पाच काढली.

शेवटचा सामना एका बुधवारी, अर्धा हॉल रिकामा.
हरलो तर खालच्या गटात, आणि हरत होतो.
शेवटचा चेंडू जाळ्याला घासून आमच्याच बाजूला पडला,
अगदी पुढे, जिथे तिचं कामच नव्हतं.
तरी ती झेपावली होती,
तळहात जमिनीला चिकटवून, पालथा.
हातभर कमी पडली.
उठायला वेळ लागला तिला. समोरच्या संघाची एक पोरगी
जाळ्याखालून येऊन हात देऊन गेली.

आता रविवारी येते.
दोघांच्या गुडघ्यांना एकच मलम, आणि इल्वा वासावरून ओरडते.
परवा कॉफीचा कप टेबलाच्या कडेवरून घसरला.
मी बघितला, तिने बघितला,
वेळ होता. तिच्यासाठी तर भरपूर वेळ होता.
ती पाव चावत बसून राहिली.
फुटू दे पापा, म्हणाली, सुट्टी आहे.

मी तुकडे गोळा केले, त्याच फरशीवरून,
जी तिच्या जन्माच्या वर्षी ओतली होती.
ओरखडा नाही.