शितावरून

लाखांदूरच्या स्टँडसमोर, चक्की आणि कृषी केंद्राच्या मधात
माझं फ्लेक्सचं दुकान.
आत एक कॉम्प्युटर, चार जीबीचा,
बाजूचा पत्रा काढून ठेवलेला,
म्हणजे त्यालाही जरा वारा लागेल.

काम मात्र वीस फूट बाय दहा फूट.
चोवीस हजार ठिपके आडवे, बारा हजार उभे,
काठाकाठानं एकोणतीस शुभेच्छुक,
प्रत्येकाचं डोकं वेगळ्या लेयरवर,
आणि मधोमध कवडूजी नाकाड्यांचा मोहऱ्या,
सानगडीच्या शंकरपटात पहिला आलेला.

सरळ मोठ्या फाइललाच हात घातला मी.
म्हटलं, मागची गर्दी धूसर करू.
स्लायडर एक घर सरकवला
आणि प्रिव्ह्यूच्या जागी निळं कडं
फिरत राहिलं, फिरत राहिलं.
तोवर पलीकडे सुगंधाबाईंनी दोन पायल्या दळल्या.
कवडूजी स्टुलावर, टोपी गुडघ्यावर.
"बैल कुठं गेला जी?"
"येऊन रायला."
"एवढ्यात तं मोहऱ्या दोनदा पट धावून आला असता."
तेवढ्यात लाइन गेली.

सकाळी बांधीवर गेलो.
वहिनीनं उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले होते,
खाटेएवढ्या जागेत,
आणि म्हणत होती, रोवणा झाला की
नहरापर्यंत हिरवं होईल.
मी तिथंच चप्पल हातात घेऊन उभा.
खाटेएवढं.
एवढंच तर पाहिजे होतं मला.

छोटी प्रत काढली, रुपयातला एक आणा.
शुभेच्छुकांचे डोळे मिटले,
म्हणजे लेयरवरचे. डोकी गायब,
राहिला फक्त बैल.
आता बोट हललं की चित्र हले.
सावली, उन्हाचा पिवळा, शिंगांचं तेल,
सगळं हातासरशी.
इथं धूसर तीन, तर तिथं तीन सोळे अठ्ठेचाळीस,
असं वहीत मांडत गेलो.
कवडूजी म्हणाले, "आता कसा पळते!"
बैलाबद्दल म्हणाले की मशीनबद्दल, कळलं नाही.

रात्री मोठ्या फाइलीत एकेक आकडा रोवला,
शटर अर्धं पाडलं, जेवायला गेलो.
ती एकटीच घरघरत बसली, पाहणारं कुणी नाही.
पहाटे पेनड्राइव्ह वडशाला,
संध्याकाळी एसटीच्या टपावरून
मोहऱ्या गुंडाळून परत.

चार बांबूंवर तो उलगडला तेव्हा
माणसं मागं मागं सरकली.
कवडूजी मात्र पुढे गेले. आणखी पुढे.
खांद्यावरचा दुपट्टा काढला
आणि बैलाच्या डोळ्यासमोर झटकला.
हट्.
पुन्हा झटकला.
माशी हलली नाही.

लिंबाएवढी माशी. पापणीच्या कोपऱ्यात,
पंखावरच्या शिरा मोजता येतील अशी.
माझ्या एका आण्यात ती काजळासारखी
डोळ्यात मिसळून बसली होती.
शितावरून भात कळतो, हे खरं.
भातात काय पडलंय ते
शिताला कुठून ठाऊक?

मी म्हटलं, काका, वरून पट्टी मारून देतो,
पैसे नको.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
दुपट्ट्याची घडी केली, मोडली.
"राहू दे ना बाप्पा.
पटाच्या दिवशीही होती ते.
तिले घेऊनच पयला आला तो."

अजूनही छोट्यावरच काम करतो मी,
दुसरा इलाज नाही, मशीन तेच आहे.
पण पाठवण्याआधी एकदा
मोठी फाइल शंभर टक्क्यांवर उघडतो
आणि धुऱ्याधुऱ्यानं पाणी पाहत जावं तसा
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो.
कडं फिरतं. फिरू देतो.
सुगंधाबाईंकडून चहा येतो.

कवडूजी अधूनमधून डोकावतात.
स्क्रीनवर वरात असो, तेरवी असो, कुणाचा वाढदिवस,
आधी दुपट्टा झटकतात,
मग बसतात.